ई-माउंटन बाईकला कॉइल शॉक घेताय? आधी वजनकाट्यावर उभे राहा

बेळगाव : पावसाळा संपल्यावर आमच्या एका मित्राने आपल्या ई-माउंटन बाईकचा मागचा एअर शॉक काढला आणि कॉइल शॉक बसवला. ऑनलाइन सवलतीत मिळाला होता, सोबत ४०० ची स्प्रिंगही आली होती. पहिल्याच रविवारी महिपाळगडाकडून देवरवाडीच्या दिशेने दगडगोट्यांच्या वाटेने उतरताना मागून ‘ठक्क ठक्क’ आवाज सुरू झाला. दोनदा पेडल दगडाला घासले आणि तिसऱ्या वेळी गडी पडता पडता वाचला. सोमवारी त्याने निकाल देऊन टाकला, “कॉइल म्हणजे नुसता पैशाचा चुराडा.”

शॉक चांगला होता. चूक स्प्रिंगच्या आकड्यात होती. बॅग-हेल्मेटसकट ९२ किलो भरणाऱ्या या माणसाला त्या गाडीवर साधारण ५२५ ची स्प्रिंग हवी होती. दुकानदाराने विचारले नाही, याने सांगितले नाही.

बेळगावहून जांबोटी, राकसकोप, येळ्ळूरचा राजहंसगड किंवा सीमा ओलांडून चंदगड-तिलारीकडे रविवारी सायकली काढणाऱ्यांत आता मोटरवाल्या सायकलीही दिसू लागल्या आहेत. निपाणीकडून आडी-तवंदीच्या डोंगराळ भागात जाणारेही आहेत. शॉक बदलायची इच्छा अनेकांना होते, पण इंटरनेटवरची माहिती पौंडात आणि इंचात, आणि समजावून सांगणारे दुकान शंभर-दोनशे किलोमीटर लांब. म्हणून हा हिशेब सोप्या भाषेत.

मागचा शॉक नेमके काय करतो?

शॉकमध्ये दोन वेगवेगळी कामे चालतात. स्प्रिंग वजन पेलते आणि धक्का बसला की दबते. डॅम्पर, म्हणजे आतला तेलाचा भाग, दबण्याचा आणि परत उसळण्याचा वेग आवरतो. डॅम्पर नसेल तर खड्डा गेल्यावरही गाडी पाळण्यासारखी हलत राहते.

एअर शॉकमध्ये स्प्रिंगचे काम कोंडलेली हवा करते. कॉइल शॉकमध्ये तेच काम स्टीलची वेटोळी स्प्रिंग करते, म्हणजे आपल्या मोटारसायकलला असते तसेच. डॅम्पर दोन्हींत असतो.

फरक स्वभावाचा आहे. हवा कोंडून ठेवायला घट्ट सील लागतात. त्या सीलच्या घर्षणामुळे बारीक खडीवर एअर शॉक थोडा अडून मग हलतो. कॉइलला हे घर्षण फार कमी, त्यामुळे चाक जमिनीला चिकटून राहते आणि जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर, झाडांच्या मुळांवर पकड चांगली मिळते. उलट हवा जितकी दाबाल तितकी झपाट्याने कडक होत जाते, म्हणून मोठ्या उडीत एअर शॉक शेवटी स्वतःच सावरून घेतो. साधी स्टील स्प्रिंग मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच प्रमाणात कडक होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे फ्रेम तपासताना तिचा संबंध येणार आहे.

लांबलचक उतारावर एअर शॉक तापतो आणि त्याचा स्वभाव बदलतो, असेही सांगितले जाते. ते खरे आहे. पण आपल्याकडच्या कच्च्या उतरणी बहुतेक दहा-पंधरा मिनिटांच्या. एवढ्यासाठी कोणी कॉइल घेऊ नये. घ्यायचा तो पकडीसाठी आणि अंगाला बसणारे बारीक हादरे कमी व्हावेत म्हणून.

मोटर कुठे आहे, ते आधी बघा

कॉइल शॉक एअर शॉकपेक्षा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम जड भरतो. साध्या १३-१४ किलोच्या सायकलवर चढाला हे जाणवते. ई-माउंटन बाईक मुळात २२ ते २५ किलोची आणि चढाला मोटर मदतीला. तिथे अर्धा किलो कुठे जातो कळतही नाही. कॉइल आणि ई-बाईक यांची जोडी जमली त्याचे मोठे कारण हेच.

पण मोटरची जागा महत्त्वाची आहे. पेडलजवळ मोटर असेल तर मोटर आणि बॅटरी दोन्हींचे वजन शॉकच्या वर, फ्रेमवर असते. चाक त्या मानाने हलके राहते, खड्ड्यात पटकन जाते आणि पटकन वर येते. चांगल्या शॉकचे पैसे इथे वसूल होतात.

मोटर मागच्या चाकाच्या हबमध्ये असेल तर दोन-तीन किलो वजन थेट चाकावर आले. असे जड चाक दगडावरून उसळले की त्याला आवरणे कठीण. महागडा शॉक लावला तरी हे वजन कमी होत नाही. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या स्वस्त आणि मध्यम किमतीच्या अनेक ई-सायकली हब मोटरच्याच आहेत. अशा गाडीत शॉकवर मोठा खर्च करण्याआधी चांगले, रुंद टायर आणि टायरमधला योग्य दाब यांचा विचार करा. कमी पैशात जास्त फरक पडतो.

स्प्रिंगचा आकडा असा काढा

स्प्रिंगवर दोन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ४५० × ६५. पहिला आकडा कडकपणाचा : स्प्रिंग एक इंच दाबायला किती पौंड वजन लागते तो. दुसरा आकडा ती किती मिलिमीटर दबू शकते याचा. काही कंपन्या हा दुसरा आकडा इंचात देतात.

आपल्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये हिशेब किलो आणि मिलिमीटरमध्ये चालतो. त्यासाठी सोपी युक्ती : पौंडाच्या आकड्याला ५६ ने भागा. ४५० ची स्प्रिंग म्हणजे सुमारे ८ किलोला १ मिलिमीटर दबणारी.

आता गाडीचा हिशेब. तीन गोष्टी लागतात.

पहिली, तुमचे वजन. सकाळी उपाशीपोटी अंघोळीनंतरचे नव्हे. हेल्मेट, बूट, पाण्याची बाटली आणि पाठीवरच्या बॅगेसकटचे.

दुसरी, मागच्या चाकाचा ट्रॅव्हल, म्हणजे चाक किती वर येऊ शकते ते. हा आकडा गाडीच्या माहितीपत्रकात मिळतो.

तिसरी, शॉकचा स्ट्रोक, म्हणजे शॉक स्वतः किती दबतो ते. शॉकवर २३० × ६० असे लिहिलेले असेल तर २३० मिमी ही एका डोळ्यापासून दुसऱ्या डोळ्यापर्यंतची लांबी आणि ६० मिमी हा स्ट्रोक.

ट्रॅव्हलला स्ट्रोकने भागा. १५० ला ६० ने भागले की २.५ येतात. याला लिव्हरेज म्हणतात. पहारीने दगड उचकटतो तसाच प्रकार : चाकावर १ किलो आला की शॉकवर अडीच किलो येतो.

आता ८० किलोचा माणूस घेऊ. त्याच्या वजनातला सुमारे ६५ टक्के भार मागे येतो, म्हणजे ५२ किलो. मधल्या मोटरच्या ई-बाईकचे स्वतःचे मागच्या शॉकवर येणारे वजन साधारण ८ किलो धरा. एकूण ६०. गुणिले २.५, म्हणजे शॉकवर १५० किलो.

गाडीवर नुसते बसल्यावर शॉक त्याच्या स्ट्रोकच्या ३० टक्के दबलेला असावा. याला सॅग म्हणतात. ६० चे ३० टक्के म्हणजे १८ मिमी. १५० ला १८ ने भागले की ८.३३ किलो प्रति मिमी. त्याला ५६ ने गुणा : ४६६. बाजारात स्प्रिंगा २५ किंवा ५० च्या टप्प्याने मिळतात, म्हणून ४५० किंवा ४७५ निवडायची.

याच गाडीवर वेगवेगळ्या वजनांना किती लागेल ते बघा (सामानासह वजन) :

• ६० किलो : ३५० ते ३७५
• ८० किलो : ४५० ते ४७५
• ९२ किलो : ५२५
• १०० किलो : ५५० ते ५७५

हे आकडे १५० ट्रॅव्हल आणि ६० स्ट्रोकच्या गाडीचे आहेत. तुमच्या गाडीचे माप वेगळे असेल तर हिशेब पुन्हा मांडा. याने उत्तर अगदी टोकाचे अचूक येणार नाही, कारण लिव्हरेज प्रत्येक मिलिमीटरला थोडे बदलत असते. पण एका टप्प्याच्या आत नक्की पोचाल.

आमच्या मित्राचे काय झाले तेही यातून कळते. ९२ किलोला ४०० ची स्प्रिंग लावली, तर तो नुसता बसल्यावरच ६० पैकी २४ मिमी संपले. सॅग ४० टक्के. गाडी मागून खाली बसली, पेडल जमिनीजवळ आले म्हणून दगडाला घासले, आणि उरलेला प्रवास मोठ्या धक्क्याला पुरला नाही म्हणून ‘ठक्क’.

एक गैरसमजही इथे दूर करू. ‘ई-बाईक जड, म्हणून खूप कडक स्प्रिंग हवी’ असे सांगणारे भेटतात. वरचाच हिशेब साध्या सायकलचा केला तर मागच्या शॉकवर गाडीचे ८ ऐवजी ४ किलो येतात आणि उत्तर ४३५ च्या आसपास निघते. म्हणजे मोटर-बॅटरीमुळे फरक पडतो तो साधारण एका टप्प्याचा. तुमच्या पोटाचा आणि बॅगेचा फरक त्याहून मोठा असू शकतो.

पैसे भरण्याआधी फ्रेम तपासा

सगळ्या फ्रेमना कॉइल चालत नाही. चार गोष्टी बघा.

एक, मापे. लांबी आणि स्ट्रोक जुन्या शॉकचेच हवेत. स्ट्रोक पाच-दहा मिमी जास्त असलेला शॉक बसवला तर पूर्ण दबल्यावर टायर फ्रेमला घासू शकतो. काही शॉकना वरच्या टोकाला डोळा नसतो, दोन्ही बाजूंनी बोल्ट येतात. त्याला ट्रनियन म्हणतात. डोळ्याच्या शॉकच्या जागी तो बसत नाही. बोल्टची जाडी आणि बुशची रुंदीही मोजून ठेवा. बुशजवळचा स्पेसर उद्यमबागेत चांगला लेथवाला ॲल्युमिनियमचा करून देईल, पण शॉकच्या दांड्याला मात्र कुणालाही हात लावू देऊ नका.

दोन, लिव्हरेज किती घटते. साधी स्प्रिंग शेवटी स्वतः झपाट्याने कडक होत नाही हे वर पाहिले. मग ते काम फ्रेमने करायला हवे. लिव्हरेज सुरुवातीला २.९ आणि शेवटी २.३ असेल तर सुमारे २० टक्के घट झाली. एवढी किंवा जास्त घट असलेल्या फ्रेमला कॉइल जमतो. लिव्हरेज जवळपास सारखेच राहत असेल तर योग्य स्प्रिंग लावूनही शॉक शेवटाला आपटत राहील. कंपनीचा तक्ता नसेल तर शॉक काढून, चाक हाताने वर उचलत, दोन बोल्टमधले अंतर दर १० मिमीने कमी करा आणि दर वेळी चाकाची उंची किती वाढली ते लिहा. वहीत दोन रकाने केले की चित्र समोर येते. अशा फ्रेमसाठी शेवटाला तेलाने धक्का आवरणारे शॉक किंवा शेवटाकडे कडक होत जाणाऱ्या स्प्रिंगाही मिळतात.

तीन, शॉक फ्रेमला कसा जोडलेला आहे. काही गाड्यांत शॉकच्या एका टोकाला लांब दुबेळक्यासारखा जोड असतो. अशा ठिकाणी शॉकवर बाजूने ताण येतो. एअर शॉकची जाड नळी तो सहन करते, कॉइलचा बारीक दांडा वाकू किंवा तुटू शकतो. अशी रचना असेल तर गाडीच्या कंपनीने कॉइल चालतो असे स्पष्ट लिहिले असेल तरच पुढे जा.

चार, जागा. स्प्रिंग जाड असते आणि तेलाची जोड-टाकी बाजूला येते. ती बॅटरीच्या झाकणाला, चार्जिंगच्या तोंडाला किंवा बाटलीला लागते का, शॉक पूर्ण दबलेला असताना बघा.

स्प्रिंग वेगळी घेताना आणखी एक : तिची दबण्याची क्षमता शॉकच्या स्ट्रोकइतकी किंवा जास्त हवी. कमी असेल तर शॉक संपण्याआधीच वेटोळी एकमेकांवर आपटतात. स्प्रिंगचा आतला व्यासही कंपनीगणिक वेगळा असतो.

प्रीलोड फिरवून स्प्रिंग कडक होत नाही

मोटारसायकलवर डबलसीट जायचे असले की मेकॅनिक मागच्या शॉकची कडी दोन खाचा फिरवून देतो. तोच हात इथे चालवला जातो. कडी आवळल्याने स्प्रिंगचा आकडा बदलत नाही, ४०० ची ४०० च राहते. गाडीची पाठ फक्त वर उचलली जाते आणि छोट्या धक्क्यांना शॉक अडतो. कॉइल शॉकवर स्प्रिंग ढिली पडणार नाही एवढे, म्हणजे एक-दोन फेरे पुरेत. त्याहून जास्त लागत असेल तर स्प्रिंग मऊ आहे, बदला.

सॅग मोजायला टेप पुरते. रिकाम्या गाडीचा शॉक डोळ्यापासून डोळ्यापर्यंत मोजा, समजा २३०. मग सगळे सामान अंगावर घेऊन भिंतीला हात टेकून गाडीवर बसा आणि दुसऱ्याला मोजायला सांगा. २१२ आले तर १८ मिमी, म्हणजे बरोबर ३० टक्के. २८ ते ३३ टक्क्यांच्या मध्ये असाल तर ठीक.

त्यानंतर रिबाउंड, म्हणजे शॉक परत येण्याचा वेग. स्प्रिंग कडक असेल तर ती जोराने परत उसळते, म्हणून रिबाउंड थोडा आवळावा लागतो. फुटपाथच्या कडेवरून बसूनच उतरा : गाडी एकदा उसळून शांत झाली पाहिजे. दोन-तीनदा डुलली तर एक क्लिक आवळा. सलग खड्ड्यांत शॉक दबून तसाच राहतो असे वाटले तर एक क्लिक सोडा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा.

साध्या स्प्रिंगच्या ई-सायकली

स्वस्तातल्या फुल सस्पेन्शन सायकलींना आधीपासूनच स्प्रिंगचा शॉक असतो आणि त्यावर ७५० किंवा १००० पौंड असे छापलेले असते. हे बघून काही जण म्हणतात, “माझी तर महागड्या गाडीपेक्षा कडक आहे.” तशी तुलना करू नका. या शॉकचा स्ट्रोक छोटा, म्हणून आकडा मोठा.

इथली खरी उणीव डॅम्परची असते. अनेकांत तेलाचा भाग नावालाच, किंवा अजिबात नसतो. बदलायचा असेल तर तेवढ्याच लांबीचा, तेलाचा डॅम्पर आणि रिबाउंडची कडी असलेला साधा शॉक घ्या. त्याआधी मागचे चाक धरून बाजूला हलवून बघा. सांध्यात खडखड असेल तर आधी बुश बदला. ढिल्या सांध्यावर नवा शॉक लावणे म्हणजे फाटक्या पिशवीत धान्य भरणे.

खर्च, बिल आणि सर्व्हिस

फॉक्स, रॉकशॉक्स, मार्झोकी, ओलिन्स, केन क्रीक ही या धंद्यातली जुनी नावे. नवा कॉइल शॉक अमेरिकेत साधारण ३०० ते ८०० डॉलरच्या दरम्यान पडतो. आपल्याकडे आणताना त्यावर आयात शुल्क, कर आणि वाहतूक चढते. स्प्रिंग अनेकदा वेगळी विकत घ्यावी लागते, हे दर विचारतानाच स्पष्ट करून घ्या.

सीमाभागातल्या ग्राहकाला प्रश्न पडतो : पुण्याहून मागवू की बेंगळुरूहून? १ जुलै २०१७ पासून जीएसटी आल्यावर कराच्या दरात फरक उरलेला नाही. राज्याबाहेरून घेतले तर बिलावर आयजीएसटी, राज्यातून घेतले तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, बेरीज तीच. म्हणून दुकान निवडताना कराचा विचार सोडा आणि दोन गोष्टी विचारा : स्प्रिंगचा आकडा चुकला तर बदलून देणार का, आणि सर्व्हिस कुठे होणार? पक्के बिल घ्या, वॉरंटीला तेच लागते. शॉक बदलल्याने फ्रेमच्या वॉरंटीवर परिणाम होतो का, हेही गाडीच्या कंपनीला लेखी विचारा.

सर्व्हिसचा हिशेबही मांडून ठेवा. फॉक्स १२५ तास किंवा वर्षातून एकदा पूर्ण सर्व्हिस सांगते. रॉकशॉक्स एअर शॉकची हवेची नळी ५० तासांनी आणि डॅम्पर २०० तासांनी उघडायला सांगते. कॉइलला हवेची नळीच नाही, त्यामुळे मधली एक सर्व्हिस वाचते. डॅम्परमध्ये दाबाखाली वायू भरलेला असतो, तो गल्लीतल्या गॅरेजमध्ये उघडू नका.

आपल्या लाल मातीचा आणि पावसाचा विचार वेगळा करावा लागतो. कॉइलचा दांडा उघडा असतो. त्यावर चिखल सुकला की तो सील खातो. कणकुंबी-आंबोलीच्या बाजूने फिरून आलात की बादलीभर पाणी आणि मऊ फडके वापरा. वॉशिंग सेंटरच्या जोराच्या फवाऱ्याने पाणी सीलच्या आत जाते. स्प्रिंगचा रंग उडाला असेल तिथे गंज धरतो, रंगाचा हात मारा. चाकामागे छोटा चिखलरोधक लावला तर शॉकचे आयुष्य वाढते.

आणि चांगला शॉक आला म्हणून कुठेही घुसायचे नाही. खानापूर तालुक्यातले भीमगड हे वन्यजीव अभयारण्य आहे, तिथे परवानगीशिवाय सायकलही चालत नाही.

कोणी घेऊ नये?

बहुतेक फेऱ्या डांबरी रस्त्यावर होत असतील तर एअर शॉकच बरा. एकच गाडी घरात ६० किलोचा मुलगा आणि ८५ किलोचे वडील आलटून-पालटून चालवत असतील तरीही कॉइल नको. एअर शॉकला पंपाने दोन मिनिटांत दाब बदलता येतो, स्प्रिंग दर वेळी कोण बदलणार? वजन कमी करायचे मनावर घेतले असेल तर ते आधी करा, मग स्प्रिंग घ्या.

आमच्या मित्राने शेवटी नवा शॉक घेतला नाही. त्याच शॉकला ५२५ ची स्प्रिंग बसवली, प्रीलोड दीड फेरा, सॅग ३० टक्के. दोन आठवड्यांनी त्याच वाटेने उतरला, पेडल एकदाही घासले नाही. जुनी ४०० ची स्प्रिंग त्याच्याकडे पडून आहे. सामानासह ७० किलोच्या आसपास भरणारा, त्याच मापाची गाडी असलेला कोणी असेल तर त्याला ती अगदी बरोबर बसेल.